माफीच्या कागदावरची सही

भिंगार,
१७ ऑगस्ट १९९७

चि. भीमराज,

जयभीम. इकडं सगळे बरे आहोत. रश्मीला अकरावीला सायन्स मिळालं. तुझ्या वृषालीचा खोकला थांबला का? तिला अडुळसा दे.

दिल्लीहून आलेलं पत्र तू वाचलंसच. छगनची फाशी थांबवा म्हणून आपलं सरकार तिकडच्या अरबी सरकारला विनवतंय. युरोपातल्या देशांचे राजदूतही भेटून आले म्हणे. तिकडून उत्तर एकच, मेलेल्याच्या बायकोनं माफीच्या कागदावर सही केली तरच. एवढे मोठमोठे देश, आणि शेवटी सगळं माझ्या दारात. पुण्याच्या मानवी हक्कवाल्या बाई तीनदा येऊन गेल्या. चांगल्या बोलतात, पण बोलतात ते छगनबद्दलच. कामगारांच्या खोलीत स्टोव्हच्या पाळीवरून त्यानं तुझ्या दाजींच्या डोक्यात पाना घातला, तेव्हा कुठला देश बोलला?

विमानानं आलेल्या पेटीवर हात ठेवून तू म्हणालास, "ताई, त्याला सोडायचं नाही." मी मान हलवली होती. विसरले नाही.

मागच्या सोमवारी त्या बाई छगनच्या आईला घेऊन आल्या. छबूबाई, शेवगावकडची. मी पाणीसुद्धा विचारलं नाही. म्हातारी उंबऱ्याशीच बसली. आता पाया पडेल, असं वाटलं. ती भिंतीवरच्या फोटोकडं बघत राहिली.

"माज्या तोंडानं मी काय मागू, बाई? पर ह्यो मानूस कसा हुता, तेवडं सांग. मला कुनी सांगितलंच न्हाई."

भीमराज, वर्षभरात हे मला कुणीच विचारलं नव्हतं. मी सांगत बसले. कारल्याची भाजी मागून खायचे. क्रेनवर चढले की शीळ घालायचे. रश्मीला पत्रातून मुद्दाम चुकीची गणितं पाठवायचे. म्हातारी ऐकत होती, डोळे पुसत होती. मग मीच कागद मागितला.

सही केली मी.

काल तार आली. फाशी रद्द, जन्मठेप. आठवड्याभरात पेपरात येईल, त्याआधी तुला माझ्याकडून कळावं.

दया आली की नुसतीच दमले होते, मला सांगता येत नाही. वंदनेत जीवहत्या न करण्याचं पहिलं शील म्हणताना वाटतं, बरोबर केलं. खुंटीवरचा त्यांचा शर्ट दिसला की वाटतं, मी कोण माफ करणारी? छगन जगेल याचा आनंद नाही. मेला असता तर झाला असता का, तेही कळत नाही. खरं तर माफ केलंय का, हेच मला ठाऊक नाही.

तू ये. भांड, पण ये.

रागावलास तरी तुझीच,
भागिरथीताई