घरमालकांकडची किल्ली

चि. शर्वाणी,

मी वरच्या मजल्यावर घरमालकांकडे कॉफीला गेलो आहे, काळजी करू नकोस. सकाळी तू ऑफिसला गेल्यावर मी पूजेला बसलो होतो, तेवढ्यात घरमालक लिंडनर स्वतःच्या किल्लीनं दार उघडून थेट आत आले. म्हणाले, "हीटर बघायचाय." मी माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलं, "शर्वाणीला कळवलंत का?"

"घर माझंच आहे," ते म्हणाले.

"घर तुमचं, पण संसार तिचा आहे. ती हो म्हणेल तेव्हा या."

 मग जुडग्यातली किल्ली काढून त्यांनी माझ्या हातात ठेवली आणि मला वर बोलावलं. मला नाही म्हणवेना. किल्ली देवापाशी आहे. हीटरचं ते तुला विचारून ठरवतील. वरण-भात झाकून ठेवलाय, गरम करून घे.

जावईबापू समर कामासाठी ड्युसेलडॉर्फला गेल्यापासून तू रोज रात्री दाराला आतून खुर्ची लावतेस. पाणी प्यायला उठलो तेव्हा पाहिलं होतं. तुला विचारलं नाही, पण मलाही झोप लागली नाही. आज खुर्ची तिच्या जागी राहू दे, बाळा.

— बाबा