आमच्या ऑफिसची माणसं

३ फेब्रुवारी २०२५

गिरीराजच्या स्क्रीनवर आमचं गाव! चहाचा कप घेऊन मी नुसती मागून जात होते. कोळशाच्या खाणीचा विस्तार, त्याचा पर्यावरण अहवाल. लाल रेघेच्या आत आमचं घर, शाळा, आणि बाबांना जाळलं तो नदीकाठ. म्हटलं, हे चंद्रपूरकडचं ना? "हां यार, अगले महीने सुनवाई है."

आणि मी त्याच्याच पाठीला पाठ लावून देशाच्या २०७०च्या नेट झिरोच्या स्लाइडी करतेय. हिरव्यागार. शरम वाटली.

४ फेब्रुवारी

भव्याकडे गेले. बॉस असली तरी मनानं वाईट नाही. म्हटलं, कोळसा कमी करा म्हणून सांगणारे आपण, आणि खाणीला परवानगी मिळवून देणारेही आपणच? म्हणाली, दोन्ही क्लायंट आपलेच. टार्गेट २०७०चं, वीज आजची. "स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी, उल्का!" म्हणजे मीच थोडं जुळवून घ्यायचं. आणि हो, बाहेर एक अक्षर बोलायचं नाही.

दोन्ही डगरींवर हात, वर मलाच शहाणपण!

११ फेब्रुवारी

आईचा फोन. "उल्के, तुह्या हापिसची माणसं आली होती वो! पोहे केले. विहीर दाखवली, नदीवर नेलं." किती खूश होती! बाबा गेल्यापासून तिचा असा आवाज ऐकलाच नव्हता. तोंडाशी आलं होतं — अगं, ती खाणीसाठी आपलं घर मोजून गेली. नाही सांगवलं. मीटिंग आहे, नंतर करते, म्हटलं.

मीटिंग नव्हती.

२० फेब्रुवारी

बेळ्ळंदूरच्या ट्रॅफिकमध्ये रिक्षात ढसाढसा रडले. रिक्षावाला विचारतो, "येनायतु अक्का?" काय झालं म्हणून काय सांगू त्याला?

२ मार्च

नंदूमामानं गाव जमवलंय. सुनावणीत एकूणएक माणूस खाणीच्या विरोधात उभा राहणार म्हणाला. जीव भांड्यात पडला! मला कुणाला काही सांगावंच लागणार नाही.

तूही ये म्हणतो. सुनावणी बारा तारखेला. आमचं नेट झिरोचं प्रेझेंटेशनही त्याच दिवशी.

१२ मार्च

गेले नाही. प्रेझेंटेशन झालं. खूप टाळ्या. भव्यानं मिठी मारली. मला घरी येऊन जेवण गेलं नाही.

१३ मार्च

आईचा फोन. "नंदू लय बोंबलत होता वो, गाव जाते म्हणे! मंग म्याच माइक घेतला. म्हटलं, काही नाही जात. माह्या उल्काच्या माणसांनी मोजलं हाये, माही पोरगी गाव जाऊ देईन काय? सारे खाली बसले बघ! तुहं नाव राखलं न म्या?"