प्रश्न सातवा: मूल कोणाकडे धावते?

२ ऑगस्ट १९३६, रविवार

आजपासून रोजनिशी. कोणाला दाखवायची नाही. संशोधकाला खासगी वही लागतेच.

हेडमास्तरांनी काल मुंबईच्या बालसंगोपन संशोधन मंडळाचा छापील फॉर्म सर्वांपुढे धरला. लहानपणी आपत्ती कोसळलेल्या मुलांच्या भावना कशा वाढतात आणि आईबापांच्या वागण्याने त्यात काय फरक पडतो, असा विषय. बाकीच्या मास्तरांना एकाएकी कामे आठवली. मी फॉर्म घेतला. माझ्या घरी सब्जेक्ट तयारच आहे. माझी मुलगी कौतिक, वय पाच, आई बया जूनमध्ये विषमज्वराने वारली. मंडळाला याहून काय हवे?

चाळीस प्रश्न आहेत. पहिले पान सूचनांचे, ते न वाचताच बाजूला काढून ठेवले. सूचना नवख्यांसाठी असतात. मी बी. ए. असून अकरा वर्षे मुले हाताळतो आहे.

संकल्प: (१) पाचला उठणे. (२) याच विषयावर स्वतंत्र निबंध, त्याचे रोज एक पान. (३) दर रविवारी कौतिकला गंगेवर, म्हणजे आमच्या नदीच्या घाटावर, फिरायला नेणे. आज नेणार होतो, पण फॉर्म वाचण्यात वेळ गेला.

४ ऑगस्ट, मंगळवार

एकोणचाळीस उत्तरे पेन्सिलने लिहून झाली. प्रश्न २३, वडील मुलाशी रोज किती वेळ बोलतात? उत्तर: पुरेसा.

प्रश्न ७, मूल घाबरल्यास प्रथम कोणाकडे धावते? याचे उत्तर थेट शाईने लिहिले: वडिलांकडे. आता पुरावा तेवढा गोळा करायचा.

देवळ्याहून थोरल्या मेहुणीचे, धोंडाबाई अक्काचे पत्र. कोणाकडून तरी लिहवून घेतलेले. पोरीचे हाल होत असतील, मी दिवाळीला येते, तेव्हा ती तुमच्याकडे राहायची की माझ्याकडे ते ठरवू, असा मजकूर. मी लगेच कार्ड टाकले. अक्का, अवश्य या, तोवर शास्त्रीय पुरावा तयार असेल. कौतिक घाबरली की माझ्याकडे धावते हे एकदा कागदावर आले, की अक्काला बोलायला जागा राहणार नाही. पोर माझ्याकडेच राहील. दुसरा काही विचार मी करीतच नाही.

९ ऑगस्ट, रविवार, सकाळी ८-४०

प्रयोग १. कौतिक माजघरात चिंचोके खेळत होती. मी स्वयंपाकघराच्या दाराआडून पितळी घंगाळ कमरेइतक्या उंचीवरून सोडले. आवाज उत्तम. मग पटकन माजघरात येऊन दोन्ही हात किंचित पसरून उभा राहिलो. ती ओरडली, उठली आणि माझ्या हाताखालून निसटून कोपऱ्यातल्या खुंटीकडे गेली. खुंटीला तिच्या आईचे रोजचे हिरवे लुगडे लटकते आहे. त्यात तोंड खुपसून चार मिनिटे रडली.

शेरा: खुंटी माझ्या मागे आहे. म्हणजे धावण्याची दिशा माझीच होती. रिझल्ट अर्धवट अनुकूल.

गंगेवर पुढच्या रविवारी.

१६ ऑगस्ट, रविवार

प्रयोग २ सकाळी, ३ संध्याकाळी. दोन्ही वेळा खुंटी. दुसऱ्या वेळी मी खुंटीच्या पुढ्यात उभा राहिलो, तर ती माझ्या पायांना वळसा घालून गेली.

लंकाबाई स्वयंपाकाला आणि धुण्याला येते. तिला शास्त्राचा गंध नाही. म्हणाली, मास्तर, पोर लय भ्याली हाय, नका आदळू ते. मी तिला समजावले की भीती मोजल्याशिवाय भीतीवर उपाय सापडत नाही. ती म्हणाली, मोजायचं काय त्यात, जवळ घ्या की तिला. अशा अडाणी उपायांमुळेच देश मागे आहे.

भूक नाही. पूर्वी या घरातले जेवण चवीचे असे. तिखटमीठ बदलले असावे. चौकशी केली पाहिजे.

३० ऑगस्ट, रविवार

सातव्या प्रयोगात घंगाळाला चीर गेली. अंघोळीचे पाणी गळते. शेजारच्या बद्रुद्दीन कल्हईवाल्याने दोनदा ठोकून दिले होते. आज हातात घेऊन फिरवून पाहिले आणि परत केले. मास्तर, बर्तन थक गया है, अब बस करो, म्हणाला. मी म्हटले, धातू थकत नसतो. तो कौतिककडे बघत राहिला.

उठायला आठ वाजतात. रात्री झोप नाही. ढेकूण असावेत. सापडला मात्र एकही नाही.

चाचणीचे पेपर तपासायचे पडले आहेत. हवा फार दमट आहे. अशा हवेत पेपर तपासू नयेत.

६ सप्टेंबर, रविवार

मोठा दिवस. सगळ्या गोंधळाचे कारण सापडले. प्रयोगात अडथळा आणणारी वस्तू एकच आहे, ती म्हणजे खुंटीवरचे लुगडे. अडथळा काढला की मूल आपोआप योग्य ठिकाणी धावेल. हे आधी कसे सुचले नाही?

आणि योग पाहा. दहाच्या सुमारास दारावरून बोहारीण ओरडत गेली. बोलावली. लुगडे दिले, तिने पितळी परात दिली. थोडी घासाघीस केली. परात घंगाळापेक्षा खणखणीत वाजते. एका व्यवहारात अडथळा गेला आणि उपकरण आले. असे डोके चालणारा माणूस या पेठेत दुसरा नसेल.

खुंटी मोकळी दिसू लागली, म्हणून माझी टोपी अडकवली.

लंकाबाई दुपारी भांडी घासायला आली. खुंटीकडे पाहून ओल्या हातांनी तशीच उभी राहिली. मग म्हणाली, मास्तर, म्या ते धुतलं नव्हतं. मुद्दाम नव्हतं धुतलं. बाईंचा वास व्हता त्यात. मी म्हटले, मग तर गेले ते फारच बरे झाले, आरोग्याच्या दृष्टीने. ती परातीला हात लावायला तयार नाही.

१३ सप्टेंबर, रविवार, सकाळी ९-०५

प्रयोग ८, नव्या परातीने. विलक्षण रिझल्ट. कौतिक उठली, खुंटीकडे चार पावले गेली आणि टोपी पाहून थांबली. तिथेच उभी राहिली. ओरडली नाही, रडली नाही. मी हात पसरून उभा होतोच. ती माझ्याकडे पाहत होती, मी घड्याळाकडे. सहा मिनिटे.

शेरा: भीती नव्वद टक्के कमी. माझ्याकडे धावली नाही हे खरे, पण इतर कोठेही धावली नाही. म्हणजे शर्यतीत आता मी एकटाच आहे.

२७ सप्टेंबर, रविवार

प्रयोग १०. वही फळीवर राहिली होती. कौतिकला म्हटले, वही आण, पेन्सिल आण. तिने मुकाट्याने आणून दिली. आज्ञाधारकपणा: उत्तम. दोन आठवड्यांत रडणे शून्य. मंडळाचे लोक थक्क होतील.

मीही जूनपासून एकदाही रडलेलो नाही. लोक भेटायला आले तेव्हा मीच त्यांना धीर दिला. घरातल्या घरात असा मेळ क्वचित दिसतो. निबंधात एक परिच्छेद यावर.

गंगेवर जायचे कौतिकनेच विचारले. पुढच्या रविवारी नक्की.

२५ ऑक्टोबर, रविवार, दसरा

भरलेला फॉर्म काल मुंबईला रवाना केला. सोबत प्रयोगांचा सविस्तर तक्ता. प्रश्न ७ चे उत्तर शाईत होते तसेच ठेवले. शास्त्रात थोडा पुढचा अंदाज चालतो.

निबंधाचे नाव ठरले: मातृहीन बालकाचा भयनाश. पानाची सुरुवात उद्यापासून.

कौतिक हल्ली चिंचोके खेळत नाही. बसते. मोठी झाली.

१४ नोव्हेंबर, शनिवार

अक्का आली. टोपलीभर कांदे आणि कौतिकला परकराचे कापड. पोरीला पोटाशी धरले. कौतिक काठीसारखी ताठ उभी. अक्काने तिच्या डोक्यावरून माझ्याकडे पाहिले. मी तक्ता दाखवला, रडण्याच्या रकान्यातली शून्ये बोटाने एकेक दाखवली. अक्काला वाचता येत नाही, पण शून्य ओळखते. म्हणाली, पाच वरीसनी पोर दोन महिना रडनी नही? हाई चांगलं नही मास्तर. देवळ्याकडची माणसे, त्यांना प्रगती कळत नाही.

१५ नोव्हेंबर, रविवार, संध्याकाळी ६

सिद्ध झाले!

गल्लीत पोरांनी मोठा फटाका लावला. मी नाही, पोरांनी. अगदी नैसर्गिक प्रसंग. अक्का आणि कौतिक ओट्यावर, मी तिथेच खुर्चीत. सगळी मुले किंचाळत आपापल्या आयांकडे पळाली. कौतिक दचकली, वळली, आत धावली आणि तशीच बाहेर धावत आली. माझ्याकडे! थेट माझ्याकडे! साक्षीला अक्का.

तिच्या एका हातात माझी वही होती आणि दुसऱ्या हातात पेन्सिल. मला दिली आणि दोन पावले मागे सरून उभी राहिली.

मी अक्काला म्हटले, पाहिलेत? अक्का पदर तोंडाला लावून रडत होती. मला वाटले, आनंदाने.

१६ नोव्हेंबर, सोमवार, भाऊबीज

अक्का सकाळी शांतपणे म्हणाली, पोरले मी देवळ्याले लई जास. मी म्हटले, तिला न्यायचे कारणच काय, आणि कालचा पुरावा पुन्हा सांगितला. तिने ऐकून घेतला. मग म्हणाली, बयानं हिरवं लुगडं दे. तिनी गोधडी शिवसू. पोर मायना लुगड्यामा निजी.

गोधडीला लुगडे का मिळणार नाही, ते मी सांगितले. बोहारीण, परात, अडथळा, सगळे क्रमाने सांगितले. सांगताना ते तितकेसे शास्त्रीय वाटेना.

अक्का उठली. स्वयंपाकघरात जाऊन परात पाहून आली. शिव्या दिल्या असत्या तर उत्तर देता आले असते.

१८ नोव्हेंबर, बुधवार

अक्का आणि कौतिकला पोचवायला गेलो, गावाबाहेर द्वारकेच्या नाक्यापाशी देवळ्याची मोटार मिळाली. कौतिकला म्हटले, मी दर रविवारी येईन. तिने मान हलवली. या घरात रविवारचे काय होते ते तिला माहीत आहे. मोटारीचा भोंगा अगदी जवळ वाजला. मी दचकलो. ती अक्काच्या मांडीवर बसली होती. तिने खिडकीतून माझ्या रिकाम्या हातांकडे पाहिले आणि मग अक्काला विचारले, बाबांची वही कुठंय?

शाळेत उशिरा गेलो. कारण मोटार असे लिहिले.

२० नोव्हेंबर, शुक्रवार

मंडळाचे पत्र. आभारी आहोत, परंतु आपला फॉर्म अभ्यासात घेता येत नाही. प्रश्न ७ साठी मुलास कोणत्याही परिस्थितीत मुद्दाम घाबरवू नये, हे सूचनांच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरांत छापले आहे. मूल आता कसे आहे, ते कृपया कळवावे.

पहिले पान शोधले. ठळकच आहे.

मूल कसे आहे ते काय कळवणार? उत्तर लिहायला बसलो. मूल, एवढेच लिहिले.

२२ नोव्हेंबर, रविवार

गंगेवर गेलो. एकटा. घाटावर जुन्या कपड्यांच्या गाठोड्यांपाशी तीन बोहारणी बसल्या होत्या. हिरवे लुगडे, काठाला एका जागी ठिगळ, सप्टेंबरात दिलेले, असे सांगितले. एक म्हणाली, मास्तर, सप्टेंबरातलं कापड आता मालेगावी तरी असंल न्हाई तर कुणाच्या अंगावर. हिरव्या लुगड्याची बाई दिसली की मी ठिगळ शोधायला लागलो. एका नवऱ्याने हटकले. घरी आलो.

ते ठिगळ बयाने माझ्यासमोर लावले होते. दिव्याजवळ बसून. कौतिक तेव्हा पोटात होती. सुईत दोरा मी ओवून दिला होता.

मला बया हवी आहे. कौतिकही हवी आहे. हे कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे ते माहीत नाही, पण लिहून ठेवतो.

२९ नोव्हेंबर, रविवार, दुपार

देवळ्याला जाणार होतो. मोटार सातची होती, जाग आठला आली.

लंकाबाईने फोडणीच्या वरणाचा टोप ठेवला, चार घास गेले. मग खुर्चीत बसलो होतो. मांजराने फळीवरून परात पाडली. प्रयोग नव्हता.

मी उठून धावलो. कुठे, ते ठरवले नव्हते. थांबलो तेव्हा कोपऱ्यात खुंटीपाशी होतो आणि माझे तोंड माझ्याच टोपीत होते. तेलाचा वास आला. माझाच.

किती मिनिटे, ते पाहिले नाही. वही आणून द्यायला कोणी नव्हते. थोड्या वेळाने मीच जाऊन घेतली.