फिकट झालेला रकाना

सोमवार, ३ जून
पन्नाशीला टेकल्यावर नवी नोकरी, देवाची कृपा. खिडकीजवळचं टेबल, काम जुन्या प्रोग्रॅमच्या डागडुजीचं. शेजारच्या टेबलावरची मुलगी तासाभरातच मला 'काका' म्हणून मोकळी झाली. तिने दाखवलं की, प्रोग्रॅममधल्या क्लासच्या, म्हणजे एकेका गोष्टीच्या साच्याच्या, नावावर माउस नेला की त्याच्या प्रॉपर्टी, म्हणजे त्यात नोंदलेल्या बाबी, बाजूला रकान्यांसारख्या उघडतात. प्रत्येकीपुढे ती किती ठिकाणी वापरली आहे तो आकडा. आकडा शून्य असला की नाव फिकट होतं. इथला शिरस्ता असा की, फिकट दिसेल ते घरी जायच्या आत काढून टाकायचं. तुम्ही विसरलात तर मी काढेन, असंही म्हणाली. मला बरं वाटलं. आम्ही शाळेत पाटी पुसूनच घरी जायचो.

रविवारी लेक येते आहे राहायला. संध्याकाळी फोनवर बजावलंन, "बाबा, पहिल्याच आठवड्यात साहेबांना शहाणपण शिकवू नका!"

मंगळवार, ४ जून
'पहारेकरी' नावाच्या क्लासमध्ये 'शिट्टी' फिकट दिसली. काढली. निघताना फाटकावरचा पहारेकरी ओठांत शिट्टी धरून उभा होता, नुसती हवा. वीस वर्षं वाजवतोय, आज जमतच नाही म्हणाला. दोघंही हसलो.

बुधवार, ५ जून
आज 'काका' नावाचा क्लास सापडला. फाइल बारा वर्षांपूर्वीची. मला इथे काका म्हणायला लागून तीन दिवस झालेत. रकाने : गाव, पाटी, प्रार्थना, लेक. 'प्रार्थना' फिकट होती. खरंच, नोकरीच्या धांदलीत तीन दिवस देवापुढे उभा राहिलो नव्हतो. मन खजील झालं, पण हाताने सवयीने काढून टाकली. 'लेक', वापर चार.

गुरुवार, ६ जून
सकाळी देवापुढे हात जोडले. पहिलीपासून पाठ असलेले शब्द — एकही नाही. शेवटी लेकीसाठी मी जोडलेली एक ओळ असायची, एवढं आठवतं. ऑफिसात पाहिलं. 'लेक', वापर तीन. प्रार्थनेबरोबर एक जागा गेली. काढलेलं परत आणायचा प्रयत्न केला. येत नाही.

संध्याकाळी मीच फोन लावला. लेकीचाच आवाज. विचारलंन, कोण बोलतंय?

शुक्रवार, ७ जून, सकाळ
वापर दोन. मोबाइलमध्ये तिचा नंबर नाही.

दुपार
वापर एक. पाकिटातल्या फोटोत मी एकटाच, हात कुणाच्या तरी खांद्यावर ठेवल्यासारखा — हवेत. शेजारच्या मुलीला हात जोडून सांगितलं, हे काढू नकोस. ती म्हणाली, "काका, शून्य झालं की ठेवून काय करायचं?"

एकच जागा — ही वही. म्हणून लिहितो आहे. लेक. लेक. मागचं पान उलटलं. सोमवारी लिहिलं होतं — 'रविवारी      येते आहे राहायला'. मधे कोरं.

पाच वाजले. शेजारची मुलगी खुर्ची ओढून माझ्या टेबलाशी आली आहे. माउसवर हात —
लिहीत राहायचं. रविवारी येणार आहे. माझी — दोन वेण्या घालायची, मला बाबा म्हणायची — रविवारी येणार आहे माझी