बर्फाखालचा धूर

२० सप्टेंबर २०१८
जहाजावरून, उत्तर ध्रुवाकडून परतीच्या वाटेवर

प्रिय दादा,

सप्रेम जयभीम. आईला आणि पुष्पावहिनीला माझा जयभीम सांग.

आठवड्याभरात आमचं जहाज नॉर्वेच्या बंदराला लागेल, तिथून हे पत्र टाकीन. फोन केला असता, पण फोनवर तू "हाव, बरं हाये" एवढंच म्हणतोस आणि वहिनीकडे देतोस. हे पत्र तुझ्या नावानं आहे. तूच वाच.

माझी तब्येत चांगली आहे. जेवायला बटाटे, मासे आणि पुन्हा बटाटे. आईनं दिलेला ठेचा आमच्या मोहिमेच्या प्रमुख हेल्गाबाईंनी पावाला लावून खाल्ला आणि डोळे पुसत पुन्हा मागितला. आता बरणी रिकामी आहे. परवा एक पांढरं अस्वल जहाजाच्या अगदी जवळ आलं, बराच वेळ आमच्याकडे बघत राहिलं आणि कंटाळून निघून गेलं.

मी घरून निघाले तेव्हा तू बाजेवरून न उठता विचारलं होतंस, "तिथं बर्फात कोणता ज्वालामुखी राह्यते वं?" तेव्हा मी चिडून उत्तर दिलं नाही. आज देते. इथं समुद्राच्या तळाशी डोंगरांची लांबच लांब रांग आहे, आपल्या संग्रामपुरातून सातपुडा दिसतो तशी. पण तिच्या डोक्यावर चार किलोमीटर पाणी आणि त्या पाण्यावर बर्फ. या रांगेच्या मधोमध जमीन दुभंगत जाते. उन्हाळ्यात आपल्या काळ्या रानाला भेगा पडतात तशीच, फक्त इतकी हळू की आपली नखंही त्याहून लवकर वाढतात. त्या भेगांमधून खालचा तापलेला रस वर येतो आणि त्याचे ज्वालामुखी होतात. त्यांतल्या एकाजवळ उकळत्या पाण्याचे झरे असावेत, असा आमचा अंदाज होता. पण ते कुणी पाहिले नव्हते.

ते शोधायला आमच्याकडे एक पिवळं पाणबुडं यंत्र आहे. त्यात माणूस नसतो. ते एकटंच खाली जातं, मोजमाप घेतं आणि वर येतं. मध्यंतरी ते हरवलं होतं, पण सापडलं.

तिकडे पाऊस कसा आहे? अर्ध्या रानात तूर आणि ज्वारी टाकली, असं वहिनी म्हणाली. चांगलं केलं. मागच्या वर्षी गुलाबी बोंडअळीनं सगळ्यांचीच बोंडं आतून पोखरली. ज्या बियाण्याला अळी लागत नाही असं सांगत होते, त्यालाच लागली. यंदा बघू.

दादा, "हरवलं होतं, पण सापडलं" असं मी वर एका ओळीत उरकून टाकलं. खरं तर ते तसं झालं नाही.

त्या यंत्राशी बोलायचं काम माझ्याकडे होतं. मी पाण्यातून आवाजाची खूण पाठवायची आणि त्यानं उत्तर द्यायचं. त्या दिवशी जहाजाजवळ मोकळं पाणी बघून मी त्याला वर बोलावलं. ते येईपर्यंत बर्फ सरकला आणि मोकळी जागा बुजून गेली. मी खूण पाठवत राहिले. उत्तर येईना. पुन्हा पाठवली, पुन्हा नाही. आणि मग मला समोरचा पडदा दिसेनासाच झाला. मला आपली कपाशी दिसायला लागली.

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत मी तुला जेवायला बोलवायला शेतात आले होते. बांधाच्या धुऱ्यावरून हाका मारत होते. फवारणीचा पंप आडवा दिसला, मग तुझे पाय. मी तुझ्या तोंडाजवळ बसून ओरडत होते आणि तू ओ देत नव्हतास. फवारणीचं विष अंगात भिनलं होतं. तू दवाखान्यातून घरी आलास तेव्हा सगळे उसनं हसत होते, मीही हसले. तू शेतात पाय ठेवणं सोडलंस, बोलणं सोडलंस. आम्ही रोज तुझ्या तब्येतीची चौकशी करत राहिलो. माझं काय झालं होतं, ते मी कुणाला सांगितलं नाही. तुला तर नाहीच.

यंत्र दुसऱ्या दिवशी बर्फाच्या कडेला सापडलं. एक पंख मोडला होता, बाकी धड होतं. यात माझी चूक नाही, असं सगळेच म्हणाले. पण मी त्या खोलीत परत जाईना. बोट लागली म्हणून खोटं सांगितलं आणि पांघरूण घेऊन पडून राहिले.

शेवटी हेल्गाबाई आल्या. समजूत काढायला आल्या असतील, असं मला वाटलं. त्या म्हणाल्या, "उद्या कॅमेरा खाली सोडतोय. माझ्या शेजारी बस. कशाला हात लावू नकोस. नुसती बस."

मी गेले आणि नुसती बसले. बर्फात जहाज एका जागी उभं राहत नाही, बर्फ नेईल तिकडे जातं. म्हणून त्यांनी जहाज मुद्दाम अलीकडे आणून बर्फाबरोबर वाहू दिलं आणि लांब तारेला बांधलेला कॅमेरा त्या डोंगरावरून ओढत नेला. कितीतरी वेळ पडद्यावर नुसता चिखल आणि काळे दगड. लोक जांभया द्यायला लागले. तेवढ्यात कडेला काहीतरी हललं आणि मी उभी राहून ओरडले, "थांबा बे! धूर हाये तिथं!"

कुणाला काही कळलं नाही. पण सगळ्यांनी पाहिलं. दगडाच्या चिमणीतून काळा धूर उसळत होता. तो धूर म्हणजे जमिनीतून येणारं उकळतं पाणीच. आजूबाजूला सूर्य कधी न पाहिलेल्या थंडगार अंधारात पांढुरकी कोळंबी आणि इवल्याशा गोगलगायी. जिवंत. हेल्गाबाई रडत होत्या. आता जहाजावरचे सगळे एकमेकांना "थांबा बे" म्हणतात.

भीती अजून गेलेली नाही. पण दुसऱ्या दिवशी मी माझ्या जागेवर बसले आणि पंख बदललेल्या यंत्राला खूण पाठवली.

तब्येत कशी आहे, हे मी आज विचारणार नाही. तुला कशाची भीती वाटते, ते सांगशील? माझी तर सांगून झाली.

तळातून आणलेल्या दगडांच्या तपासणीसाठी थंडीपर्यंत जर्मनीत राहीन. पाकिटावर तिथला पत्ता आहे.

अजून घाबरणारी, तरी तुझीच,
मयुरी


१६ ऑक्टोबर २०१८

मयुरीस,

जयभीम. पोस्टमन पत्र पुष्पाच्या हाती देऊन राह्यला होता. म्या म्हटलं, "नाव माहं हाये, इकडं दे." अक्षर वाकडं येऊन राह्यलं, समजून घे. बारावीनंतर एवढं लिहिलं नाही.

तू भेतेस हे मले माहीत नव्हतं. सगळे माह्यासमोर धीट होऊन बसत होते. मले वाटे, भेणारा या घरात मी एकटाच.

खरं सांगतो. हात थरथरते म्हणून मी पुष्पाले सांगत होतो, पण हात कधीचाच बरा हाये. डॉक्टरनं उन्हाळ्यातच सांगितलं. मले कपाशीच्या पाल्याचा वास आला का छातीत धडधड होते. एवढा मोठा माणूस झाडाले भेते, हे कोणाले सांगावं? बाजेवर पडून राहणं सोपं होतं.

तुहं पत्र दोनदा वाचलं. मंग पुष्पाले वाचून दाखवलं, तुहं भेव बी आणि माहं बी सांगितलं. ती रागावली नाही. म्हणे, "मले वाटलं तुम्ही माह्यावर नाराज हा." वर्षभर तिच्या मनात हेच होतं बघ.

परवा धुऱ्यापर्यंत गेलो आणि माघारी आलो. काल आत गेलो. यंदा पुष्पानं अळीच्या पाखरासाठी सापळे लावले, निंबोळीचा अर्क मारला, जहरी औषध घरात आणलं नाही. अळी हाये, पण मागच्या सालासारखी नाही. पांढरंशुभ्र फुटलं हाये. ती पुढं वेचत होती. मले पाहून थांबली. मले वाटलं आता रडते. त म्हणे, "कापूस वेचायले ओटी बांधा, उभे काय राह्यले?"

बांधली. धडधड झाली, घाम आला, खाली बसलो. मंग उठून एक ओळ वेचली. एकच झाली. आज दोन झाल्या.

तुह्या त्या कोळंबीचं मी आईले सांगितलं. आई म्हणे, उजेड नाही, झाडपाला नाही, त खातात काय? मलेही तेच विचारायचं हाये. पत्रात नको लिहू. घरी येऊन सांग.

आली आणि मी बाजेवर दिसलो नाही, त वाट पाहत बसू नको. सरळ शेतात ये.

तुहा दादा,
संघपाल
(कपाशीच्या धुऱ्यावरून)