या आठवड्याची हलकी पिशवी

मंगळवार, नेरूळ

काल लिहिलं की शेतावरची भाजीची पिशवी हलकी आली, आपल्याला कमी दिलं. ते चुकीचं होतं. मेथी पावसात कुजली, सगळ्याच सभासदांना कमी आलं. आपण कर्जतच्या त्या शेतकऱ्याच्या हंगामात वाटा घेतलाय. पिकेल ते वाटून घ्यायचं, असंच ठरलं होतं. नाव आईने नोंदवलं होतं. ती गेल्यापासून मी पिशवी नुसती रिकामी करते. चव कळत नाही.

पुढच्या हंगामातून आपलं नाव काढून घेऊया, असं संध्याकाळी बाबांना म्हटलं. आई गेल्यापासून ते फक्त हं म्हणतात. आज वांगं हातात फिरवत म्हणाले, "पिकलाच नाय, तर तो देनार काय? त्याचा डोका?" मग सारसोळे या आमच्या गावातल्या जुन्या शेतीवर आले, "सारसोल्यान आपली शेती व्हती तवा कोनी असा वाटा घेतला नाय गो. माती कशी हाय त्याची?"

मला रडू आलं नाही, बरंही वाटलं नाही. पण बाबांनी काहीतरी विचारलं. स्वतःहून. त्याचं मला काहीच कसं वाटत नाही?

सभासदांना शेतावर जाता येतं. आजवर गेलेच नाही. नाव राहू दे. येत्या रविवारी सकाळी बाबांना माती दाखवायला नेते.