लोणच्याच्या बरणीतला हायड्रोजन

कुवेत, ३ फेब्रुवारी १९९०

ती. गुरुप्रसादमामा,

तुमच्या पायांवर डोकं ठेवून उदयचा नमस्कार (ते वर करायची हिंमत नाही). थंडीत मामींचा दमा कसा आहे? आम्ही दोघं खुशाल, म्हणजे खोकत आहोत. हे पत्र नेहमीसारखं देवळाच्या ओट्यावर मोठ्याने वाचू नका, एकट्याने वाचा.

मागच्या पत्रात आकृती पाठवली होती: बरणीत मिठाचं पाणी, त्यात स्टीलच्या दोन पट्ट्या, बॅटरीचा करंट, आणि निघालेला हायड्रोजन नळीने इंजिनात. पेट्रोल पूर्ण जळतं, धूर कमी, ॲव्हरेज जास्त. (इथे प्यायचं पाणी पेट्रोलपेक्षा महाग आहे, असं तुमची सून प्रेमा म्हणाली होती. पण इंजिनिअर मी की ती?) काल रथसप्तमी, म्हणून रथ सजवला. मामींनी पाठवलेल्या लोणच्याची रिकामी बरणी बॉनेटखाली मावेना, ती सीटखाली ठेवली. बुडबुडे मंद वाटले, म्हणून आणखी मूठभर मीठ टाकलं. मामा, शुऐबाच्या ज्या कारखान्यात मी नोकरी करतो, तिथे मिठाच्या पाण्यात वीज सोडून आम्ही दिवसभर क्लोरीन वायूच काढतो. तिथे मी मास्कशिवाय पाऊल टाकत नाही. घरी मात्र अक्कल गहाण पडली होती.

गाडीत माझ्याशेजारी प्रेमा आणि मागे आमच्या ओळखीच्या डॉक्टर पद्मजाताई बसल्या होत्या. अर्दियाला हळदीकुंकवात गायचं म्हणून गळ्याला मफलर, काचा बंद. निम्म्या वाटेत नळी सुटली आणि बरणीतला क्लोरीन गाडीभर पसरला. तिघंही रस्त्याकडेला खोकत उभे राहिलो, तेव्हा ताई डोळे पुसत घोगऱ्या आवाजात एवढंच म्हणाल्या, "उदय, तू शिकलास तरी काय रे?" हळदीकुंकवात मात्र त्यांनी बायकांना सांगितलं, की सर्दीमुळे आज गाणं नाही. माझं नावसुद्धा घेतलं नाही. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

रात्री प्रेमाने आमटीत मीठ घातलं नव्हतं. मी मागितलं नाही.

तुमचा,
उदय

ता. क. : तशीच बरणी फियाटला बसवून तुम्ही मामींना वणीला नेणार, असं तुमच्या पत्रात आहे. पाया पडतो, आधी बरणी काढा. मामींना एक श्वासही सोसणार नाही. तारही केली आहे, पण माझ्या आकृतीपुढे तुम्ही तारेला जुमानणार नाही, हे ठाऊक आहे.

ता. क. २ : माझं मागचं पत्र ओट्यावर ऐकून शत्रुघ्ननेही रिक्षाला बरणी लावली, असं तुम्हीच लिहिलंत. त्याच्या रिक्षात शाळेची मुलं बसतात. तेव्हा एकट्याने वाचा म्हणालो, ते खोडा. ओट्यावरच वाचा, मोठ्याने, माझ्या नावासकट.